घरापासून लांबची नोकरी: हो म्हणण्याआधी काय काय बघावं?

सावदेकर

नमस्कार मंडळी. एका कंपनीला सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय, म्हणून हा धागा.

मी मेकॅनिकल डिप्लोमा, वय २९. सहा वर्षं झाली, जळगाव एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या कंपनीत आहे. सध्या शिफ्ट इन्चार्ज. गाव सावद्याजवळ, रोजचं अप-डाऊन. हातात २९ हजार येतात. ऑफर आली आहे चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरहून, गाड्यांचे प्लास्टिक पार्ट बनवणाऱ्या प्लांटमधून. सीटीसी (कंपनी माझ्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च) ७ लाख ८० हजार.

घरी नाना (वय ६४), आई, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. चार एकर केळी. आईला शुगर आहे, गुडघ्यांमुळे चालणं कमी झालंय. बायको फैजपूरला सेमी-इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवते. बहीण नाशिकला दिलेली.

नाना म्हणतात, "जा, इथं काय ठेवलंय." आई काहीच बोलत नाही. पगार दुप्पट दिसतोय खरा, पण मी पुण्याच्या पलीकडे कधी राहिलेलो नाही. जे असे लांब गेले, किंवा जाता जाता थांबले, त्यांनी मोकळेपणानं सांगा. कंपनीला काय विचारायचं आणि घरात काय बोलायचं?

यावलरोड

अभिनंदन भाऊ! आधी पेढे, मग सल्ला.

हिशेबनीस

सावदेकर, पगार दुप्पट नाही. कागद घेऊन बसा, मी मांडून दाखवतो. ऑफर लेटरमागचं, पगाराचा तपशील देणारं अ‍ॅनेक्शर माझ्यासमोर नाही, त्यामुळे आपण नेहमीची विभागणी धरू.

७,८०,००० भागिले १२ म्हणजे महिना ६५ हजार. आता यातून कमी करत चला. बेसिक ४० टक्के धरला तर महिना २६ हजार. त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के, म्हणजे वर्षाला ३७,४४०. हा सीटीसीतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) बेसिकच्या ४.८१ टक्के, सुमारे १५ हजार. हीदेखील सीटीसीत, आणि ती आज हातात येत नाही. व्हेरिएबल (कामगिरीनुसार मिळणारा भाग) १० टक्के असेल तर ७८ हजार बाजूला, वर्षअखेर मिळतील, पूर्ण मिळतील असं नाही. विम्याचा हप्ता आठ-दहा हजार. उरले साधारण ६ लाख ४० हजार, महिना ५३ हजारांच्या आसपास. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ३,१२० आणि प्रोफेशनल टॅक्स गेला की हातात ५० हजार. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत आयकर लागत नाही, तेवढं बरं.

म्हणजे २९ चे ५० झाले. फरक २१ हजार. यातून घरभाडं, गॅस, भाजी, दूध, येण्याजाण्याची तिकिटं. आज घर स्वतःचं, धान्य घरचं, दूध घरचं. भाडं १२ हजार धरलं तरी फरक निम्म्याहून कमी राहतो. नका जाऊ असं मी म्हणत नाही. फक्त "दुप्पट" हा शब्द डोक्यातून काढा आणि मग ठरवा.

एक चांगली गोष्टही आहे. तुमची सहा वर्षं भरलीत, म्हणजे सध्याच्या कंपनीकडून ग्रॅच्युइटी मिळणारच. शेवटचा बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. बेसिक १५ हजार असेल तर सुमारे ५२ हजार. रीतसर अर्ज द्या, अर्ज मिळाल्यावर ३० दिवसांत द्यायची असते. आणि पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) ट्रान्सफर करा. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, ती मोजणी तुटू देऊ नका.

उधनाकर

हिशेबनीस, एक नंबर.

माझं वेगळं म्हणणं. चेन्नईच का? मी मूळचा शिंदखेडा तालुक्याचा, सुरतला उधन्यात राहतो. आमच्या गल्लीत सकाळी नळावर अहिराणीच ऐकू येते. लिंबायत, उधना भागात निम्मा खान्देश आहे. तापी लाइनच्या गाडीत बसलं की झोप पुरी व्हायच्या आत घर. कानबाईच्या सणाला आमची सोसायटी ओस पडते, सगळे गावी. लांब जायचंच तर माणसं असतील तिथं जावं. सुरत, नाशिक, पुणे इथं मोल्डिंगचं काम नाही का?

सावदेकर

@उधनाकर, चाकणला दोन ठिकाणी मुलाखत दिली होती. पगार साडेपाचच्या वर जात नव्हता, आणि पुण्याचं भाडं तुम्हाला माहीत आहेच.

@हिशेबनीस, अ‍ॅनेक्शर काढून बघितलं. तुमचा अंदाज जवळपास तंतोतंत आहे. व्हेरिएबल १० टक्केच. शिवाय "ट्रेनिंग बाँड २ वर्षे, रु. १,५०,०००" अशी एक ओळ आहे. याचं काय करायचं?

भुसावळकर_काका

बाळा, मी रेल्वेतून निवृत्त. गाड्यांचंच सांगतो, कारण आयुष्य त्यातच गेलं.

तुला जळगाव किंवा भुसावळहून नवजीवन एक्सप्रेस थेट चेन्नई सेंट्रलला नेते. साधारण एक दिवस-रात्र. ही मोठी सोय आहे, गाडी बदलायची भानगड नाही. पण आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वी १२० दिवस होतं, ते नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. सणाची तारीख डोक्यात ठेवून त्या सकाळीच तिकीट काढायचं. नाही मिळालं तर तत्काळ, एसीचं दहा वाजता, स्लीपरचं अकराला, आणि त्याला आता आधार जोडलेलं खातं लागतं. हे आधीच करून ठेव.

पण हे झालं सणाचं. मी किलोमीटर मोजत नाही. रात्री दोनला घरून फोन आला, तर तुझा पाय दारात किती तासांनी पडेल, तेवढं मोजतो. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं सकाळी घरी. चेन्नईहून विमानानं मुंबई किंवा पुणे, तिथून पुढं रेल्वे नाहीतर गाडी. संभाजीनगरला उतरलास तर अजिंठ्यावरून जळगाव. कसंही केलं तरी दिवस मोडतो. आमचा मुलगा बंगळुरूला आहे. त्याच्या आईला रात्री छातीत दुखलं तेव्हा शेजारच्या पाटलांच्या पोरानं १०८ ला फोन लावला, गाडीत बसवलं आणि सकाळपर्यंत दवाखान्यात बसून राहिला. मुलगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. त्याची काही चूक नव्हती, त्याच्या आधी पोचणं शक्यच नव्हतं.

म्हणून जाण्याआधी तो "शेजारचा पोरगा" कोण, हे नाव घेऊन ठरव. त्याच्या घरी जाऊन बस, चहा घे आणि स्पष्ट शब्दांत सांग की माझ्या मागं तूच. डॉक्टरांची फाइल, गोळ्यांची चिठ्ठी, विम्याचं कार्ड एका पिशवीत घालून त्याला जागा दाखव. हे झालं नसेल तर पगाराचा आकडा बघूच नकोस.

अमळनेरी

काकांना नमस्कार.
भाऊ, जाय बिनधास्त. पन मायबापनी सोय करीसन जाय.

धुळेकोर्ट

बाँडबद्दल. वकिली करतो म्हणून लिहितो. तुमचा कागद पाहिलेला नाही, त्यामुळे सर्वसाधारण समजा.

"बाँडला कायद्यात अर्थ नसतो" असं सर्रास ऐकायला मिळतं. ते बरोबर नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम २७ प्रमाणे कुणाला धंदा किंवा नोकरी करण्यापासून अडवणारा करार चालत नाही. पण नोकरीत असतानाच्या काळाची अट आणि मुदतीआधी सोडल्यास ठरावीक रक्कम, हे वेगळं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेची तीन वर्षं आणि दोन लाखांची अट योग्य ठरवली. त्याचवेळी कलम ७४ प्रमाणे रक्कम वाजवी असावी लागते. खासगी कंपनीनं प्रशिक्षणावर खर्चच केला नसेल तर पूर्ण रक्कम मागणं तिला जड जातं.

म्हणून तीन गोष्टी विचारून घ्या, त्याही ईमेलवर. प्रशिक्षण कसलं आणि किती दिवसांचं? रक्कम दर महिन्याला कमी होत जाते का, की तेविसाव्या महिन्यातही पूर्ण दीड लाख? कंपनीनं स्वतः काढलं तर बाँड लागू आहे का?

आणि मूळ मार्कशीट किंवा सही केलेला कोरा चेक कुणालाही द्यायचा नाही. पडताळणीसाठी दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ कागद घेऊन परत या.

चाकणकर_पाचोरा

धुळेकोर्ट यांच्या यादीत सगळ्यात वर एक प्रश्न घाला. पत्र कुणाच्या लेटरहेडवर आहे?

आमच्या ओळखीतला एक मुलगा मोठ्या नावाच्या प्लांटमध्ये लागला म्हणून गावात पेढे वाटले. पत्र वाचलं तर नोकरी मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे, अकरा महिन्यांची. प्लांटचा गणवेश, प्लांटची कँटीन, पण पगार ठेकेदाराचा. प्लांटला ऑर्डर कमी झाली तेव्हा त्याला आदल्या संध्याकाळी फोन आला, उद्यापासून येऊ नको. हे जळगावात झालं असतं तर बस धरून घरी आला असता. परमुलखात भाड्याची खोली, डिपॉझिट अडकलेलं आणि नोकरी नाही.

सावदेकर, पत्रावर नाव कुणाचं आहे ते आज बघा. ऑफर लेटर आणि अपॉइंटमेंट लेटर एकच आहे का, तेही बघा.

सावदेकर

आत्ताच बघितलं. कंपनीच्याच लेटरहेडवर आहे, सहा महिने प्रोबेशन. हायसं वाटलं. अपॉइंटमेंट लेटर जॉइन झाल्यावर देणार म्हणतात.

तळोद्याची

सगळी चर्चा वाचली. पीएफ झाला, गाडी झाली, बाँड झाला. एका माणसाचं नाव एका ओळीत येऊन गेलं. "बायको फैजपूरला विज्ञान शिकवते." तिनं काय म्हटलं, दादा? तुमच्या पोस्टमध्ये नाना बोलले, आई गप्प राहिली. ती?

मी सांगते माझं. लग्नानंतर ह्यांची बदली हैदराबादला झाली. मी शहाद्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. मानधन कमी होतं, पण सकाळी पर्स घेऊन बाहेर पडायचे, चार जणी बोलायला होत्या, मुलं "मॅडम" म्हणायची. हैदराबादला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. हे सकाळी सातला कंपनीच्या बसनं जायचे, रात्री आठला यायचे. मुलगा लहान. शेजारणीशी बोलायला भाषा नाही. गॅलरीतून खाली दूधवाल्याला बोटांनी दोन पिशव्या सांगायच्या, दिवसभरातलं माझं घराबाहेरचं बोलणं तेवढंच. सहा-सात महिने मी कुणाला काही बोलले नाही, कारण सगळे म्हणत होते, नवऱ्याचं चांगलं झालं.

नंतर तेलुगू शिकले, शाळा मिळाली, आता इथंच रमले आहे. म्हणजे मी "नका जाऊ" म्हणत नाहीये. पण तिला विचारा. सासूसासऱ्यांसमोर नाही, दोघंच असताना. आणि ती "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाली तर ते उत्तर धरू नका, परत विचारा. तिचा पगार हिशेबनीसांच्या गणितात कुठंच नाही. ती नोकरी सोडून आली तर फरक आणखी कमी होतो.

हिशेबनीस

ताई, बरोबर आहे, तो आकडा गणितात यायलाच हवा. सावदेकर, वहिनींचा पगार आजच्या बाजूला मिळवा आणि पुन्हा मांडा.

कांदेबाग

मी न गेलेल्यांपैकी. मलाही अशीच ऑफर होती, गुजरातेत. नाही गेलो, आणि पस्तावलो नाही.

गणितात अजून एक आकडा राहिलाय, तो शेतकऱ्याच्या घरातलाच माणूस सांगेल. सावदेकर सकाळी कंपनीत जायच्या आधी आणि आल्यावर शेतात काय करतो? मोटर चालू करणं, ड्रिपचे फिल्टर धुणं, खताचा टँक लावणं, बाग निसवली (घड बाहेर पडले) की त्यांच्यावर नजर, कापणीच्या वेळी व्यापाऱ्याशी भाव, वजनकाट्यापाशी उभं राहणं. हे नाना एकटे करणार? ६४ व्या वर्षी रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला जाणार? नाही करू शकले तर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीचा गडी, ठेवावा लागेल. आमच्याकडे सालदार आता वर्षाला लाखाच्या खाली बोलत नाही, आणि सालं बदलतात आखाजीला (अक्षय तृतीयेला). मध्येच माणूस मिळत नाही. वर्षाचा लाख म्हणजे महिन्याला आठ हजारांच्या वर, ते त्या २१ हजारांतून वजा करा. मग बघा काय उरतं ते.

माझं मत स्पष्ट आहे. चार एकर बागायत आणि जळगावात पर्मनंट नोकरी असलेल्यानं हललंच नाही पाहिजे.

कन्नडघाट

@कांदेबाग, मान्य नाही. मे-जूनमध्ये एक वादळ येतं आणि अर्ध्या तासात निसवलेली बाग आडवी होते. भाव पडला तर कापणीची मजुरी निघत नाही. ज्या घरात नियमित पगार येतो तेच घर त्या वर्षी उभं राहतं. आणि मोल्डिंगमध्ये वाढायचं तर मोठं मशीन, मोठा प्लांट बघावाच लागतो. श्रीपेरुंबुदूर-ओरगडम पट्टा म्हणजे देशातल्या वाहन उद्योगाचं मोठं ठिकाण. ह्युंदाई तिथं, रेनो तिथं. तिथली तीन-चार वर्षं बायोडाटावर असली की परत चाकणला किंवा नाशिकला येताना पगार स्वतः मागता येतो. २९ व्या वर्षी नाही जायचं तर कधी?

कांदेबाग

मागता येतो म्हणे. परत आलेले किती बघितलेत? जो जातो तो तिकडं फ्लॅट घेतो, पोरं तिकडं शाळेत घालतो आणि आईबाप दिवाळीची वाट बघत बसतात. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत दोन म्हातारी माणसं आणि एक टीव्ही आहे. मला राग येतो, तो कुणा एकावर नाही, पण येतो.

कन्नडघाट

राग मलाही येतो भाऊ. पण ती घरं रिकामी झाली कारण इथं काम नव्हतं. सावदेकरनं नाही म्हटल्यानं ते बदलणार नाही.

बट्टीवरण

मुद्द्याचं बोला. श्रीपेरुंबुदूरला कळण्याची भाकरी कुठं मिळेल?

यावलरोड

तिकडं भरताचं वांगं मिळालं तरी आपलं नव्हे. आणि काडीवर भाजायला तुरीच्या काड्या कुठून आणणार? शेवभाजीचा मसाला मात्र वर्षभर टिकतो, किलोभर घेऊन जा.

बट्टीवरण

बिबडे पण. आईला सांगा उन्हाळ्यात जास्तीचे करायला. केळीचे वेफर्स नेऊ नका, ते लोक त्यात आपल्या पुढं आहेत :)

चेन्नईत_चोपडा

बिबडे-मसाल्याचं अगदी खरं, पण मी तिथं राहतोय म्हणून जरा कामाचं सांगतो. ओरगडमच्या बाजूला आहे, बरीच वर्षं झाली.

भाषा: प्लांटमध्ये बिहार, ओडिशाची मुलं भरपूर, त्यांच्याशी हिंदी चालते. साहेबांशी इंग्रजी. पण तुम्ही शिफ्ट इन्चार्ज आहात. ऑपरेटर आणि मेंटेनन्सचे जुने लोक तमिळ आहेत आणि मशीन बंद पडलं की ते तमिळमध्येच बोलतात. पहिल्या तीन महिन्यांत कामापुरती तमिळ शिकलात तर माणसं जीव लावतात. आलो तेव्हा सेल्व्हम नावाच्या कुणाला हाक मारली की पाच जण वळायचे, आता तेच लोक माझ्या मुलाच्या वाढदिवसाला घरी येतात.

घर: २०१७ च्या तिथल्या भाडेकरू कायद्यात डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याइतकं सांगितलंय. प्रत्यक्षात घरमालक जास्त मागतात, घासाघीस करा. करार लेखी. पाणी कुठून येतं ते आधी विचारा. बोअरचं खारं पाणी असेल तर प्यायचं वेगळं विकत.

पाऊस: आपल्याकडं जूनला मृग. इथं खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. डिसेंबर २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ चं मिचॉन्ग वादळ, दोन्ही वेळा शहरात घरांत पाणी होतं. तळमजला घेऊ नका, सखल भागात तर नकोच.

सुट्ट्या: हे कुणी सांगत नाही. इथं दिवाळी एका दिवसाची, आपल्या नरक चतुर्दशीची. लक्ष्मीपूजनाला प्लांट चालू असू शकतो. मोठी सुट्टी पोंगलला, जानेवारीच्या मध्यात. म्हणजे आपली दिवाळी, आखाजी, कानबाई या सगळ्याला स्वतःची रजा लागते. वर्षाला रजा किती, प्रोबेशनमध्ये मिळते का, हे पत्रात बघा. बऱ्याच ठिकाणी प्रोबेशनमध्ये हक्काची रजा नसते.

उधनाकर

कानबाईला नाही आलात तर रोट कोण खाणार? तो भाऊबंदकीतच संपवायचा असतो. नागपंचमीनंतरचा रविवार, त्यापुरती तरी रजा आत्ताच लिहून घ्या.

जामनेर_ते_जुबैल

मी सौदीत वेल्डर होतो. चेन्नईला परमुलूख म्हणता हे वाचून गंमत वाटली, आमच्या करारात दोन वर्षांनी एकदा सुट्टी होती. वडिलांच्या मातीला पोचलो नाही.

धाग्याचा विषय लांबची नोकरी म्हणून, आखातात जाणारा कुणी वाचत असेल तर त्याच्यासाठी लिहितो. एजंटचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर तपासा. त्याला कायद्यानं जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी घेता येतात, पावती घ्या. दोन-अडीच लाख मागणारे फिरत असतात आमच्या भागात, लोक शेत गहाण ठेवून देतात. व्हिजिट व्हिसावर कामाला जायचं नाही, काही झालं तरी. आणि दहावी पास असाल तर पासपोर्ट ईसीआर (कामासाठी जाताना सरकारी मंजुरी लागते तो शिक्का) नसलेला निघतो, तो तसाच काढून घ्या.

सावदेकर, तुझ्यासाठी एकच. कंपनीच्या विम्यात आईवडील बसतात का विचार.

भुसावळकर_काका

जामनेरवाल्यानं बरोबर बोट ठेवलं. आणि वाईट वाटलं वाचून बाबा, तुझ्या वडिलांचं.

आईला शुगर आहे. आता स्वतंत्र विमा काढला तर आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. कंपनीच्या ग्रुप विम्यात बहुधा पहिल्या दिवसापासून मिळतो. हप्ता पगारातून कापला तरी चालेल, पण आईवडिलांची नावं घालून घे. आणि जळगाव-भुसावळचा कोणता दवाखाना त्या यादीत आहे ते विचार. चेन्नईच्या दवाखान्यांची यादी नानांच्या काय कामाची?

सावदेकर

मंडळी, दोन दिवस गायब होतो. कंपनीला एक लांब ईमेल लिहिला, घरातही बसलो. दोन्हीकडचं सांगतो.

कंपनी: बाँड महिन्यागणिक कमी होत जातो, आणि कंपनीनं काढलं तर लागू नाही, हे ईमेलवर आलं. प्रशिक्षण सहा आठवड्यांचं, नव्या मशीनवर. आईवडील विम्यात बसतात, अर्धा हप्ता माझा. जळगावचे दवाखाने यादीत आहेत, दोन नावं मी स्वतः फोन करून तपासली. प्रोबेशनमध्ये महिन्याला एक रजा. "पोस्टिंग श्रीपेरुंबुदूरलाच" असं लिहून द्यायला तयार नाहीत, पत्रात "भारतात कुठेही" असंच आहे.

घर: तळोद्याच्या ताईंचं वाचून बायकोला वर गच्चीवर नेऊन विचारलं. पहिलं उत्तर तेच आलं, "तुम्ही म्हणाल तसं". परत विचारलं. मग ती बरंच बोलली. शाळेचं वर्ष अर्ध्यात सोडायचं नाही, मुलांची दहावी आहे. एप्रिलपर्यंत ती इथंच राहणार, तोवर आईनानाही एकटे नाहीत. मी एकटा पुढं. एप्रिलमध्ये दोघांनी मिळून ठरवायचं, तिनं यायचं की मी परतायचं. आईनंही तोंड उघडलं. म्हणाली, जा, पण फोनवर "बरी आहेस ना" एवढंच विचारून ठेवत जाऊ नको, शेताचं काय झालं तेही विचार.

कांदेबाग, तुमचा लाख रुपयांचा आकडा वजा केला. महिन्याला फार काही उरत नाही, खरंच. नाना म्हणाले, आखाजीपर्यंत चुलतभाऊ पाणी बघेल, त्याला उक्ते पैसे द्यायचे. आखाजीला सालदार बघू किंवा दोन एकर बटाईनं देऊ. म्हणजे पहिली दोन वर्षं मी पैशासाठी जात नाहीये, मोठ्या मशीनवर हात बसावा म्हणून जातोय. हे एकदा स्वतःशी स्पष्ट झाल्यावर हो म्हणणं सोपं गेलं.

आता दोन प्रश्न. एक, माझी नोटीस ६० दिवसांची आणि त्यांना ३० दिवसांत हवाय. दोन, बायको बी.एस्सी. बी.एड. आहे, तिला तिकडं शाळा मिळेल का?

तळोद्याची

दादा, दहावीची मुलं अर्ध्यात सोडणार नाही म्हणाली ना, तिला माझा नमस्कार सांगा.

शाळेचं: बी.एड. सगळीकडे चालतं. राज्य बोर्डाच्या शाळेत भाषेची अडचण येईल, सीबीएसईच्या इंग्रजी माध्यमात विज्ञानाच्या शिक्षिकेला मागणी असते. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी सीटीईटी (केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा) दिलेली बरी, एकदा पास झाली की आता कायमची वैध. एप्रिलपर्यंत वेळ आहे, इथंच अभ्यास होईल. आणि तिनं इंग्रजीतून शिकवायची सवय आत्तापासून लावावी, सेमीत आहे म्हणजे अर्धं काम झालंच आहे.

चेन्नईत_चोपडा

इकडं बऱ्याच शाळांचं वर्ष जूनमध्येच सुरू होतं, पण भरती मार्च-एप्रिलला. वहिनींचा बायोडाटा फेब्रुवारीत पाठवा, आमच्या मुलाच्या शाळेत मी स्वतः नेऊन देतो. आणि पहिला आठवडा हॉटेलात राहू नका, आमच्याकडं या. घर बघायला सोबत येईन, तमिळ बोलायला माणूस लागतोच.

कांदेबाग

माझं मत बदललेलं नाही, पण तुम्ही हिशेब करून चाललात, हे आवडलं. आमचं गाव तुमच्यापासून लांब नाही. कापणीच्या वेळी नानांना काट्यापाशी माणूस हवा असेल तर निरोप द्या, मी येईन.

हिशेबनीस

नोटिशीचं. आधी राजीनामा देऊ नका. नव्या कंपनीला विचारा, उरलेल्या ३० दिवसांचे पैसे ते भरतात का. बऱ्याचदा भरतात, पण आधी तुमच्या खिशातून जातात आणि नंतर पगारात परत येतात, म्हणून तेही लेखी घ्या. शिल्लक रजा नोटिशीत वळती होते का, ते सध्याच्या एचआरला विचारा. ते पैसे नको म्हणाले आणि साठ दिवस थांबवलं तर तेवढीच तारीख नव्यांकडून वाढवून घ्या. सहा वर्षं जिथं काढली तिथून भांडून निघू नका, ग्रॅच्युइटी आणि रिलीव्हिंग लेटर दोन्ही त्यांच्याच हातात आहे. आणि जॉइनिंगची तारीख ठरवताना कॅलेंडरात कानबाईचा रविवार बघून घ्या, एका आठवड्यानं पुढं ढकलायला कुणी नाही म्हणत नाही.